रिकाम्या टाकीला चिमूटभर

नव्या टाकीत मासा नव्हता, तरी ती रोज सकाळी आठ वाजता तिच्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकायची. बाबा गेले आणि आठवड्याभरात त्यांची जुनी टाकी तडकली. त्यांचा नारंगी मासा तेव्हापासून दुकानदाराकडे पाहुणा होता.

"नव्या पाण्यात लगेच सोडलात तर स्वतःच्याच घाणीनं मरेल," दुकानदार म्हणाला होता. "घाण खाणारे जिवाणू आधी वाढू देत. महिनाभर नुसतं खाणं टाका. ते कुजेल, त्यावर ते पोसतील."

बाबांचं जिवंत असं तेवढंच उरलं होतं. महिना काय, ती वर्षभर थांबली असती.

तिसऱ्या आठवड्यात आत्या राहायला आली.

"कुणाला घालतेस गं?"

"आहेत त्यात. दिसत नाहीत."

आत्याने पाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आवाज एकदम मऊ केला. "बोलतेस का त्यांच्याशी?"

"जिवाणू आहेत, आत्या."

"हो, बाळा. असतील."

संध्याकाळपर्यंत तीन मावश्यांचे फोन आले. तिघींनी जेवलीस का विचारलं. एकीने पाण्यातल्यांचीही चौकशी केली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेली आणि आत्याने पदर खोचला. टाकी उपसली, भांड्यांच्या साबणाने घासली, फिल्टरमधला तपकिरी स्पंज पांढराशुभ्र केला आणि तिच्या दादाला फोन केला. "पोरीचं काही खरं नाही. मासा आण."

ती परतली तेव्हा पाणी चकचकीत होतं. दोघांचे चेहरेही.

"दुकानदार नाही म्हणत होता," दादा म्हणाला. "मी ऐकतो होय!"

"बघ," आत्या म्हणाली, "आता खऱ्याला घाल."

खरा एका कुशीवर पोहत होता.

तिने तो पाण्यासकट मगमध्ये घेतला. दादाने गाडी काढली. दुकानाच्या दारात पोचेपर्यंत मगमध्ये काही हलत नव्हतं.

दादा पायरीवरच बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. बाबांना नेलं त्या दिवशी हा कोरड्या डोळ्यांनी लोकांसाठी खुर्च्या मांडत होता. "मी मारलं त्याला," तो म्हणत राहिला.

दुकानदाराने तिला आत बोलावलं. "ताई, त्यांना म्हणावं, रडू नका. बाबांचा मासा पहिल्याच आठवड्यात गेला. तुम्ही रोज फोन करायचात, मला सांगवेना. हा दुसरा. नारंगी सगळे सारखेच दिसतात."

ती मगकडे बघत उभी राहिली. नंतर बाहेर येऊन दादाशेजारी बसली.

"काय म्हणाला?"

"पुन्हा पहिल्यापासून म्हणाला. महिना लागेल."

दादाने बाहीला नाक पुसलं. "रोज खाणं कोण घालणार?"

"तू," ती म्हणाली. "आठ वाजता. चिमूटभरच."