बशीरचाचांची सकाळची हाळी

दहिवलीत आमच्या आळीला गजराचं घड्याळ लागत नाही. बशीरचाचा आहेत ना! उजाडायच्या सुमाराला ते गच्चीवर येतात, कठड्यावर दोन्ही हात टेकतात आणि आभाळाकडे तोंड करून "ऊक्-ऊक्-ऊऽऽ" अशी हाळी देतात. पाठोपाठ खालच्या स्वयंपाकघरातून चाचींचा आवाज चढतो, "अवो, गप बसा! लोकं झोपल्यात!" मग उरलीसुरली झोपलेली माणसंही उठतात.

चाचा उमेदीच्या काळात जहाजावर खलाशी होते. आता घराखालीच त्यांचं नळ, पाइप आणि रंगांचं दुकान आहे. जग फिरून लोक काय काय आणतात. चाचांनी आणली दक्षिण अमेरिकेतली माकडं. डोक्यात. पळसदरीकडून येऊन आमच्या पत्र्यांवर धिंगाणा घालणारी माकडं त्यांच्या खिजगणतीत नाहीत. "यांची शेपटी नुसती शोभेची गं. तिकडचं कोळीमाकड शेपटीनं लटकून दोन्ही हातांनी जेवतं!"

अख्ख्या आळीची त्यांनी तिकडच्या माकडांत वर्गवारी करून टाकली आहे. आमचे पुढारी म्हणजे हाउलर माकड. "आवाज कोसभर. काम इचारशील तर पाला खायाचा आन् फांदीवर पडायचं." माझे यजमान डासांसाठी अंगाला निलगिरीचं तेल चोळतात, म्हणून ते कपुचिन; ती माकडंही म्हणे उग्र वासाचं काहीबाही अंगाला फासतात. "पर ती दगडानं कवच फोडत्यात. तुझ्या नवऱ्याला नारळ तरी फोडता येतो का?" येत नाही, हे आळीला ठाऊक आहे. दिवसभर मोबाइल घेऊन बसणाऱ्या माझ्या लेकीला मात्र कोळीमाकड म्हणायला चाचा तयार नाहीत. "त्याला अंगठा नसतो. हिचा अंगठाच तेवढा चालतो."

"मग सकाळी ओरडणारे तुम्हीपण हाउलरच की," मी एकदा म्हटलं. चाचा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

गेल्या हिवाळ्यात चाची मोरीत घसरल्या. खुबा मोडला. पनवेलला ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा चालतील की नाही, डॉक्टर नक्की सांगेनात. रात्री इस्पितळात त्यांची लेक थांबायची आणि चाचा घरी परतायचे.

हाळी बंद झाली. यजमानांची गाडी चुकली, शाळेची रिक्षा दाराशी भोंगा वाजवत राहिली. शेवटी एका सकाळी मी चहा घेऊन गच्चीवर गेले. चाचा कठड्यावर हात टेकून उभे होते.

"चाचा, हाळी द्या की. आळी झोपून राहते."

"एकट्यानं नाय देत गं. ती हाउलरची नाय, टिटीची हाय. एवढंसं माकड, जोडीनं ऱ्हातं. सकाळी एकानं साद घालायची, दुसऱ्यानं जोड द्यायची. शेपट्यांना पीळ घालून बसत्यात दोगं." मग म्हणाले, "नवं लगीन झालेलं आन् जहाज ब्राझीलात अडकलेलं. रोज त्यांना बघायचो आन् हिच्या आठवणीनं रडायचो."

मी चहाचा कप कठड्यावर ठेवला. म्हटलं, "मी जोड देते." घसा खाकरून एक "ऊऽऽ" काढलाही. चाचा कितीतरी दिवसांनी हसले.

"तिचे शब्द तुला पाठ हायेत गं. पर ते तिनंच म्हणायचे."

चाची आल्या. वॉकर धरून, पण स्वतःच्या पायांनी उंबरा ओलांडून आल्या. दुसऱ्या दिवशी आळी उजाडायच्या आधीच जागी होती. चाचांनी हाळी दिली, जरा घाबरतच. खालून काहीच आलं नाही. मग वॉकरची ठकठक हळूहळू स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत आली.

"अवो, गप बसा! लोकं झोपल्यात!"

खिडक्याखिडक्यांत माणसं डोळे पुसत उभी होती. झोपलेलं कुणीच नव्हतं.