सबनीसकाकांचा रेडवुडवरचा पहारा

सबनीसकाका माणसाचा चेहरा नंतर बघतात. आधी बुटांचे तळ बघतात. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला आमच्या शेजारच्या टाउनहाउसमध्ये ते लेकीकडे राहायला आले, तेव्हा ओळख करून घ्यायला मी डबाभर साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. डबा बाजूला ठेवून ते म्हणाले, "पाय वर करा बरं." उभा जन्म नागपुरात बँकेचा तपासनीस म्हणून काढलेल्या माणसापुढे मी मुकाट्याने पाय वर केला.

इथे तपासायला बँक उरली नाही, तेव्हा त्यांनी जंगल धरलं. आमच्यापासून दीडेक तासावर डोंगरात रेडवुडचं जुनं जंगल आहे. बरीचशी झाडं पूर्वी तोडून नेलेली. जी वाचली त्यातली काही हजार वर्षांच्या पुढची. काका तिथे स्वयंसेवक झाले, त्यांना हिरवं जॅकेट मिळालं आणि अख्खा कॅलिफोर्निया आरोपी झाला. बुटांना चिकटून तणाचं बी नाहीतर झाडांचा रोग आत येतो, म्हणून वाटेच्या तोंडाशी ब्रश ठेवलेले असतात. पण "लोक घासल्यासारखं करतात. मला डाउट आहे," हे काकांचं पालुपद.

एकदा त्यांनी माझ्या टीपॉयवरचा लाकडी वाडगा उलटा केला, हुंगला, नखाने खरवडला.

"हे लाकूड कुठलं?"

"सेलमधलं, काका."

"रेडवुडच्या खोडावरच्या गाठी चोरून कापतात आणि असेच वाडगे करतात. बिल आहे?"

बिल नव्हतं. तेव्हापासून ते चहा माझ्याकडे पितात, पण नजर वाडग्यावर.

खरं सांगते, मलाही संशय होता, आणि तो काकांचाच. दर शनिवारी ते जंगलातून परत येत ते एक फुगलेली, तोंड घट्ट बांधलेली पिशवी घेऊन. कुणाला हात लावू देत नसत, आत काय आहे तेही सांगत नसत. दुसऱ्यांचे खिसे तपासणाऱ्या माणसाची पिशवी कुणी तपासायची?

या वर्षी वटपौर्णिमा आली बुधवारी, म्हणून आम्ही ती शनिवारी करायचं ठरवलं. फ्रीमाँटला वड कुठला? इथल्या महाराष्ट्र मंडळाची नीलिमा म्हणाली, "यार, रेडवुड चालेल. उलट जास्त टिकाऊ आहे." आम्ही दहाजणी पैठण्या, स्नीकर्स आणि मेक्सिकोचे आंबे घेऊन जंगलात पोचलो. झाड एवढं घेरदार, की पहिल्याच फेऱ्यात सुताची गुंडी निम्मी झाली. तेवढ्यात शिट्टी वाजली.

"थांबा! यांची मुळं वरवर असतात. दहाजणी सात-सात फेरे घालून माती दाबून टाकाल!"

"काका, नवऱ्यांच्या आयुष्याचा प्रश्न आहे," नीलिमा म्हणाली.

"नवऱ्यांना इन्शुरन्स आहे. झाडाला आहे का?"

त्यांनी सूत गुंडाळलं, सांडलेलं हळदीकुंकू माझ्याच डब्यात भरलं आणि निघताना आंब्यांच्या कोयी मोजून घेतल्या. नीलिमाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मंडळाने एकमताने ठरवलं, की रेंजरकडे तक्रार करून या माणसाचं जॅकेट काढून घ्यायचं. शेजारीण म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

पुढच्या शनिवारी मी जंगलातल्या रेंजरच्या ऑफिसकडे निघाले होते, तर काका पिशवी घेऊन आडवाटेला वळताना दिसले. आता रंगेहाथ पकडते, म्हणून मी मागोमाग गेले. पूर्वी तोड झालेल्या एका उतारावर रेडवुडची वीतभर रोपं लावलेली होती आणि काका गुडघ्यांवर बसून त्यांच्याभोवतीचं तण उपटत होते. बी सांडू नये म्हणून एकेक काडी अलगद पिशवीत घालत होते. पिशवीत एवढंच होतं.

"तक्रार करायला आलीस ना?" मागे न बघताच त्यांनी विचारलं. "कर. फक्त एवढा उन्हाळा जाऊ दे. यांचा पहिलाच आहे. हिवाळ्यात पाऊस झाला की मुळं धरतील. मग काढा मला."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. "काका, ही मोठी होतील तेव्हा आपल्यातलं कुणीच नसेल. मग एवढा जीव कशाला काढता?"

त्यांनी आणखी एक काडी पिशवीत घातली.

"तुझी काकू दर वर्षी घरासमोरच्या वडाला जायची," ते म्हणाले. "मी विचारायचो, सात जन्म मलाच मागतेस, की सुटका मागतेस? नुसती हसायची. शेवटपर्यंत सांगितलं नाही. ती गेली, आणि वर्षभरात रस्ता रुंद करायला वडही पाडला. सात जन्म म्हणजे पाचशे वर्षं तरी धर. तेवढं टिकणारं झाड मला इथेच दिसलं."

रेंजरचं ऑफिस राहिलं तिकडेच. मी खाली बसले आणि त्यांच्या शेजारच्या रोपाभोवतीचं तण उपटू लागले.

"समजा, तिने मलाच मागितलं असेल," काका हळूच म्हणाले. "मग शोधत आली, तर कुठे थांबणार ती?"