भिवा नावाड्याचा पिंड आणि कावळ्याची अडचण

वेळ सकाळी सव्वासात. एका जंगलाच्या कडेला वसलेल्या गावातला नदीचा घाट. घाटावर केळीचं पान, पानावर भाताचा पिंड आणि वर उंबराच्या फांदीवर एक कावळा. कावळा खाली येत नव्हता.

मुलांनो, ही गोष्ट कधीची ते विचारू नका. प्राणी बोलायचे आणि नगरपालिका ऐकायची नाही, इतकी जुनी आहे.

पिंड होता भिवा नावाड्याचा. चाळीस वर्षं त्याने माणसं या काठावरून त्या काठावर नेली. दहा दिवसांपूर्वी संध्याकाळी नाव बांधून तो घराकडे वळला आणि एका रानडुकराने त्याला मागून उडवलं. डुक्कर स्वभावाने वाईट नव्हतं. ते जेवायला निघालं होतं. वाटेत भिवा आला.

जेवण होतं नावेच्या धक्क्यामागे. पालिकेची गाडी गावातल्या पंगतींचं उष्टं आणि हॉटेलांचं शिळं रोज तिथे ओतायची. वास जंगलात गेला. आधी माकडं आली, मग मोर, मग डुकरं.

भिवा गेला तशी पालिकेला जाग आली. तिसऱ्याच दिवशी नियम झाला. हद्दीत माकड, डुक्कर, मोर व तत्सम वन्य प्राणी-पक्षी यांना कोणीही अन्न घालू नये. घातल्यास घरचा नळ महिनाभर तोडण्यात येईल. ढिगाबद्दल नियमात अक्षर नव्हतं. ढीग म्हणजे कचरा, आणि कचऱ्याचं खातं वेगळं.

कावळ्याला 'तत्सम'मध्ये बसवलं होतं.

भिवाच्या बायकोला, सगुणाक्काला, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. दहाव्याला कावळा शिवला की माणूस सुटतो आणि नाही शिवला तर त्याचा जीव कशात तरी अडकलेला असतो, एवढंच तिला ठाऊक होतं. जन्मभर दुसऱ्यांना पार नेणारा आपला माणूस स्वतः अलीकडेच राहतो की काय, या धास्तीने ती फांदीवरची नजर काढत नव्हती.

मंडळी बाजूला सरली. रिवाजाप्रमाणे गेलेल्याला शब्द देणं सुरू झालं. क्रियेला बसलेला भिवाचा धाकटा भाऊ केरबा हात जोडून म्हणाला, वहिनीला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. सगुणाक्का म्हणाली, तुमची नाव विकणार नाही. कावळ्याने मान वळवली. मागून कोणीतरी म्हणालं, केरबा, कुंपणाचं बोल की. केरबाने घाम पुसला आणि मागच्या साली कुंपण सरकवून बळकावलेली दोन हात जागा सोडत असल्याचं कबूल केलं. मग साथच आली. एकाला भिवाचं नेलेलं जाळं आठवलं. एकीला बारा वर्षांपूर्वी मागून आणलेली पितळी परात आठवली. कावळा सगळं मन लावून ऐकत होता.

नगराध्यक्ष रावसाहेब श्रद्धांजलीचं भाषण करायला आले होते. ते गावातलं एकही दहावं चुकवत नसत. बारशाला चार बायका असतात, दहाव्याला अख्खा वॉर्ड असतो. तेही पुढे झाले आणि भिवाच्या नावाने धक्क्यावर कमान उभारण्याचा शब्द देऊन बसले. कावळा एक फांदी वर सरकला.

शेवटी सगुणाक्काच उंबराखाली गेली.

"बाबा रे, काय राहिलंय त्यांचं? सांग तरी."

"त्यांचं काही राहिलेलं नाही, अक्का," कावळा म्हणाला. "मी सकाळपासून उपाशी आहे. पण तो खांबाआडचा दौलू बघ."

दौलू पालिकेचा शिपाई. हातात वही घेऊन तो नाव लिहायच्या तयारीत उभा होता.

"मी चोच लावली की तुझा नळ तुटतो. नवरा गेला, आता पाणीही जायचं? मला नाही पटत."

"तोडू दे. नावाड्याच्या बायकोला पाण्याची काय भीती घालतोस?"

पण रावसाहेब मध्ये पडले. अध्यक्षांच्या डोळ्यांदेखत नियम मोडला तर गावाने काय शिकावं, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी गुरुजींना दर्भाचा कावळा करायला सांगितलं. दर्भाचा कावळा शास्त्रात बसतो आणि 'तत्सम'मध्ये बसत नाही. केरबाचा चेहरा एकदम खुलला. दर्भाच्या कावळ्याला दिलेला शब्द तितकासा बांधत नाही ना, एवढं त्याने गुरुजींना हळूच विचारून घेतलं.

"गुरुजी, राहू द्या," सगुणाक्का म्हणाली. "चाळीस वर्षं त्यांनी खरी नाव चालवली. ते गवताच्या कावळ्याने जायचे नाहीत."

कावळ्याला गहिवरून आलं. तो खालच्या फांदीवर उतरला.

"अक्का, पान उचल आणि धक्क्यामागे चल. तिथलं अन्न घातलेलं नसतं, टाकलेलं असतं. आम्ही सगळे रोज तिथेच जेवतो. दौलू कधी फिरकत नाही."

सगुणाक्काने पान उचललं. सगळं दहावं तिच्यामागे निघालं.

धक्क्यामागे पंगत बसलेली होती. माकडं, मोर, डुकरं. भिवाला उडवणारं डुक्करही होतं. त्याने सरकून जागा करून दिली. नवऱ्याचा शेवटचा घास सगुणाक्काने उकिरड्यावर ठेवला. तिने हात काढून घ्यायच्या आत कावळा शिवला.

केरबाने मनातल्या मनात कुंपण दोन हात मागे घेतलं. दौलूने वहीत डकवलेला नियम दोनदा वाचला आणि वही मिटली.

सगुणाक्काने डोळे पुसले आणि ती रावसाहेबांकडे वळली.

"साहेब, मी मूठभर भात ठेवला असता तर माझा नळ जाणार होता. हे गाडीभर कोण घालतं?"

रावसाहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना आणखी एका दहाव्याला बोलायचं होतं.

तात्पर्य : रानातल्या जीवाला मूठभर अन्न कधीही घालू नये, तो गुन्हा आहे. घालायचंच झालं तर गाडीभर घालावं. त्याला व्यवस्था म्हणतात, आणि व्यवस्थेच्या घरी तोडायला नळ नसतो.

गाडी अजूनही रोज येते. ती धक्क्यामागे ओतायचा हुकूम कोणाचा, हे पालिकेने आजपर्यंत सांगितलेलं नाही.