पैनगंगेपर्यंतची फेरी

आमचे मामंजी सायकलवरून जाताना एका पळसापाशी थांबतात आणि मोठ्यानं ओरडतात, "पळसफाटा! कोन उतरनार हाय का?" उतरायला कोणीच नसतं. एखादी टिटवी ओरडत उडते. "एक शीट उतरली," म्हणत ते दोनदा घंटी वाजवून पुढं निघतात.

मामंजी म्हणजे माझे सासरे. बसवर कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर लोक पारावर बसतात. यांनी हदगावच्या बाजारातून जुनी सायकल आणली आणि पैनगंगेपर्यंतच्या पायवाटा धुंडाळायला लागले. डांबरी रस्ता वर्ज्य. म्हणतात, "डांबरावरून लई फिरलो. झाडं पळत न्हाईत, उभी राहतात, हे साठीत कळलं मला."

ओढ्याला पाणी असलं की, "गाडी आज इथंच रद्द," म्हणून काठावर तंबाखू मळत बसतात. बाया मला म्हणायच्या, "तुझ्या सासऱ्याचं डोकं फिरलं गं." मी मान खाली घालायचे. मला चारचौघांत बोलता येत नाही. पण लांडोर कुठं अंडी घालते, कोणता झरा उन्हाळ्यात आटत नाही, हे गावात दुसऱ्या कोणाला ठाऊक आहे? मला मनातून त्यांचा अभिमानच होता.

आमच्याच गल्लीत हमीदभाई राहतात. अठ्ठावीस वर्षं मामंजींच्या गाडीवर ड्रायव्हर. शुगरनं त्यांचे डोळे गेले, तेव्हापासून ते बाजेवरून उठेनात. दोन घास खाऊन ताट सरकवायचे. मामंजी रोज त्यांना न्यायला जायचे.

"उस्ताद, बसा मागं. नदीपर्यंत जाऊन येऊ."

"मी मागं बसू? आन् गाडी कंडक्टर चालवनार? तोबा!"

"आता दिसत न्हाई ना तुम्हाला."

"दिसत होतं तवा तरी तुझ्यावर कुठं भरोसा होता?"

मग मामंजी एकटेच जायचे, आणि आल्यावर बाजेपाशी बसून सगळी वाट सांगायचे. हमीदभाई भिंतीकडं तोंड करून पडलेले असायचे.

एके सकाळी मी गायरानात शेण वेचत होते. त्या दोघांचं घरी काय बोलणं झालं होतं ते मला ठाऊक नाही, पण बघते तर हमीदभाई सीटवर, हात हँडलवर, आणि मामंजी मागं कॅरिअरवर!

"सरळ, उस्ताद... सरळ... दगड हाय, उजवीकडं घ्या! उजवीकडं!"

उस्तादांनी डावीकडं घेतलं. दोघंही सायकलीसकट बोरीच्या झुडपात.

माझ्या हातून पाटीच पडली.

हमीदभाई चाचपडत उठून बसले. "चूक कोनाची झाली?" आवाज अगदी बारीक झाला होता.

"माझीच की," मामंजी म्हणाले. "मी उलटं सांगितलं. तुम्ही गाडी बरोबर घेतली."

मी ऐकलं होतं. त्यांनी दोनदा बरोबर सांगितलं होतं.

हमीदभाई मोठ्यानं हसले. "तुला अजून डावं-उजवं कळत न्हाई, लेका!"

मामंजींच्या कोपरातून रक्त येत होतं. तिकडं त्यांनी बघितलंही नाही. उस्तादांच्या सदऱ्यातले काटे एकेक करून काढले, सायकल उभी केली आणि त्यांचे दोन्ही हात पुन्हा हँडलवर नेऊन ठेवले.