कुंकू लावलेली हार्ड डिस्क

आमच्या शेजारच्या सुकलालनानांकडे कुठलीही नवी वस्तू आली की ती आधी उघडली जाते आणि मग, तिच्या नशिबात असेल तर, वापरली जाते. लोक नव्या मिक्सरवर आधी चटणी वाटून बघतात. नानांनी आधी त्याच्या बुडाचे स्क्रू काढले, आत डोकावून "बरं शे" असा शेरा दिला आणि स्क्रू परत लावले. एक उरला. तो मिक्सर आजही चालतो, पण चालताना ओट्यावरून सरकत सरकत मोरीकडे निघतो, म्हणून नानांच्या पत्नी सुमनकाकू एका हाताने त्याला दाबून धरतात आणि दुसरा हात कपाळाला लावतात.

"उघडाले काय लागस?" हे नानांचं अहिराणीतलं ब्रीद. उघडायला काही लागत नाही, हे खरंच आहे. लागतं ते बंद करायला. लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, नाना पेचकस लावतात. आमच्या वास्तुशांतीला ते आले, देवाला नमस्कार केला, तीर्थ घेतलं आणि दाराची बेल उघडली. ती बेल नाना येईपर्यंत छान वाजत होती. आता आमच्याकडे येणारी माणसं कडी वाजवतात, आणि नाना म्हणतात की कडीच बरी, तिच्यात बिघडण्यासारखं काही नसतं.

नानांची सगळी नोकरी धुळ्याला पाटबंधारे खात्यात झाली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी उघडलेल्या फायली बांधून कपाटात ठेवल्या. निवृत्त होऊन जळगावला पिंप्राळ्यात घर बांधलं आणि तेव्हापासून बंद वस्तूंवर सूड उगवायला घेतला, असं माझं मत आहे. माझं माहेर धुळ्याचं, त्यामुळे नाना मला हक्काने हाक मारतात. शिवाय मी घरी शिकवण्या घेते, म्हणजे मला सगळ्यातलं सगळं कळतं, असा त्यांचा समज आहे. तो मी कधी दूर केला नाही.

तर, नानांच्या घरी एक लॅपटॉप आहे. तो त्यांच्या मुलीचा, मनीषाचा. कॉलेजात असताना घेतलेला. लग्न होऊन ती पुण्याला गेली, तिथे एका कंपनीत लागली, आणि लॅपटॉप माहेरी राहिला. तो सुरू व्हायला किती वेळ घ्यायचा, हे मी काकूंच्या हिशेबाने सांगते. रविवारी मनीषाला बघायचं म्हणून नाना बटण दाबत आणि काकू कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचं पीठ मळायला घेत. भाकरी थापून, भाजून, टोपलीत पडल्या तरी पडद्यावर ते गोल गोल फिरणारं चक्र फिरतच असे. मग मनीषा दिसायची, ती बहुतेक वेळा तोंड उघडं ठेवून थांबलेली.

आता आखाजीचं सांगायला हवं. आखाजी म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. तुम्ही त्या दिवशी सोनं घ्यायला जाता, आमच्या खान्देशात त्या दिवसासाठी लेकी माहेरी येतात. झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, आमरस होतो. मनीषा मागच्या आखाजीला आली, ती दुसऱ्या दिवशी परत निघाली. काकूंनी आठ दिवसांचा बेत करून ठेवला होता. "नाना, इथून काम कसं करू? हा लॅपटॉप उघडेपर्यंत माझी मिटिंग संपते," असं ती हसत हसत म्हणाली आणि गाडीत बसली.

ती हसत म्हणाली, पण नानांनी ते मनावर घेतलं. पुढची आखाजी जवळ आली तसं त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगून टाकलं की यंदा लॅपटॉप असा पळवतो की पोर आठ दिवस इथे बसून काम करेल. दूधवाल्याला सांगितलं, इस्त्रीवाल्याला सांगितलं, मला तर रोज सांगितलं. मी समजावलं की नाना, कंपनीचं काम कंपनीच्याच लॅपटॉपवर चालतं, मनीषा तो बरोबर घेऊनच फिरते. नानांनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि मला पेचकस धरायला दिला.

इंटरनेटवर बघून त्यांनी रोगाचं निदान केलं होतं. जुनी हार्ड डिस्क काढायची आणि नवी, एसएसडी म्हणतात ती, बसवायची. दुकानदाराने नवी डिस्क त्यांच्या हातावर ठेवली तेव्हा नानांनी ती तळहातावर झेलून बघितली, कानाशी नेऊन हलवली आणि परत केली. फसवणूक आहे म्हणाले. जुनी कशी विटेसारखी जड, आणि ही क्रीमच्या बिस्किटाएवढी. आत काही फिरतही नाही. दुकानदार सांगत होता की फिरत नाही म्हणूनच ती वेगवान आहे. जे फिरत नाही ते पळतं, हे नानांना काही पटेना. मग त्यांनी पेचकस काढला, तेव्हा दुकानदाराने डिस्क काउंटरखाली लपवली. अखेर जुन्या डिस्कमधलं सगळं नवीत उतरवून घेऊन आणि 'ही उघडायची नाही' अशी देवाशपथ खाऊन नाना घरी आले.

शस्त्रक्रिया मागच्या अंगणात, बोअरच्या पाइपाशेजारी झाली. जागेला कारण होतं. अंगातली वीज जमिनीत सोडल्याशिवाय आतल्या भागांना हात लावू नये, असं कुणीतरी व्हिडिओत सांगितलं होतं. साधा माणूस एखाद्या लोखंडी वस्तूला बोट लावून मोकळा झाला असता. नानांनी हातातल्या तांब्याच्या कड्याला तार बांधली आणि तिचं दुसरं टोक बोअरच्या पाइपाला घट्ट पिळलं. मी गेले तेव्हा ते दाव्याला बांधलेल्या गोऱ्ह्यासारखे बसले होते. चहा जागेवर, पाणी जागेवर. पेपरवाला पैसे मागायला आला, तो हे बघून पुढच्या महिन्यात येतो म्हणाला. सरकायची सोय नव्हती, कारण तार आखूड होती, आणि तार सोडायची नाही अशी नानांची जिद्द होती.

काढलेले स्क्रू ठेवायला त्यांनी काकूंचा मसाल्याचा डबा घेतला. लांब स्क्रू जिऱ्याच्या वाटीत, बारीक मोहरीच्या. वाट्या आधी रिकाम्या कराव्या लागतात, हा तपशील त्यांनी गौण मानला. त्या दुपारी काकूंनी मला शेवभाजी दिली. मी पहिला घास घेतला आणि दाताखाली लॅपटॉपचा एक भाग आला. मी तो धुऊन नानांना नेऊन दिला. ते म्हणाले, बरं झालं, हाच सापडत नव्हता.

डिस्क बसली, झाकण लागलं, बटण दाबलं. पडदा काळा, आणि त्यावर इंग्रजीत एकच ओळ, की डिस्क सापडत नाही. नानांनी उघडलं, काढली, परत बसवली. तीच ओळ. दुसऱ्या दिवशी ते लॅपटॉप आणि डिस्क पिशवीत घालून दुकानात गेले. दुकानदाराने डिस्क पुसली, लावली, बटण दाबलं. लॅपटॉप झटक्यात सुरू. नाना खूश झाले, आपल्या हाताने लावायची म्हणून डिस्क तिथेच काढून घेतली आणि घरी येऊन पुन्हा बसवली. परत काळा पडदा.

हे असं बऱ्याच वेळा झालं. दुकानात चालायचा, घरी चालायचा नाही. एखाद्याने डिस्क दुकानातच बसवून आणली असती. पण मग उघडायचं काय? नानांनी दुसरा मार्ग धरला. त्यांनी निष्कर्ष काढला की पिंप्राळ्याची वीजच हलकी आहे, आणि ते मीटरच्या पेटीकडे पेचकस घेऊन निघाले. तेव्हा काकूंनी मला हाका मारल्या.

मी म्हटलं, माझ्यासमोर बसवा. नानांनी कड्याला तार बांधली. दुकानातून आलेली डिस्क पिशवीतून काढली आणि काकूंकडे दिली. काकूंनी ती पाटावर ठेवली, पुढे दिवा लावला, वाटीत कुंकू कालवलं आणि डिस्कच्या सोनेरी पट्टीवर, जिथून सगळा संपर्क व्हायचा असतो नेमकं तिथे, ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट लावलं. मग हळद. मग चार अक्षता.

"काकू, हे दर वेळी करता?"

"मंग? बाहीरथून घरमा उनी ना ती," काकू म्हणाल्या. नवी वस्तू बाहेरून घरात आली की तिला कुंकू लागतं. ट्रॅक्टरला लागतं, फ्रीजला लागतं, हिने काय पाप केलं? आणि तेवढीच जागा चमकत होती, म्हणजे तोंड तिकडेच असणार. तोंड सोडून पाठीला का कुणी कुंकू लावतं?

दुकानदाराला मी नंतर विचारलं, की अहो, तुम्हाला दिसलं नाही का? तो म्हणाला की आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मशीनला कुंकू असतंच, पुसायचं आणि काम करायचं. त्याचंही बरोबर होतं. या सगळ्या प्रकरणात प्रत्येकाचं बरोबर होतं, फक्त लॅपटॉप चालत नव्हता.

मी खोडरबराने पट्टी साफ केली. काकूंना लॅपटॉपचं झाकण दिलं, त्यावर त्यांनी मनसोक्त स्वस्तिक काढलं. नानांनी डिस्क बसवली, बटण दाबलं आणि आम्ही नीट बघायच्या आत तो सुरू झाला. काकू पीठ मळायला उठल्या होत्या, त्या परत बसल्या. नानांनी तो बंद केला, परत सुरू केला. बंद केला, परत सुरू केला. लहान मूल दिव्याच्या बटणाशी करतं तसं त्यांचं चाललं होतं, आणि खरं सांगते, मलाही आनंद झाला.

आखाजीच्या आधीच्या रविवारी नानांनी मला मुद्दाम बोलावलं. कडुनिंबाला झोका टांगून झाला होता. खापर धुऊन उन्हात ठेवलं होतं. नाना नवा सदरा घालून लॅपटॉपसमोर बसले होते, आणि पेचकस खिशालाच होता. मनीषा पडद्यावर आली ती लख्ख, हलती बोलती. तिच्या मागे तिची छोटी मुलगी परी सोफ्यावर उड्या मारत होती.

"नाना, किती भारी चालतोय हो. नवा घेतला का?"

नानांनी सगळं सांगितलं. कुंकवाचा भाग वगळला, तो काकूंनी भरला. मनीषा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग हसणं ओसरलं आणि तिचा आवाज जरा उतरला. तिने सांगितलं की यंदा येणं जमणार नाही. जळगाव किती तापलंय ते ती रोज बघते, आणि परीला ऊन अजिबात सोसत नाही. माहेरी ती उतरते ती वरची खोली तर भट्टीच होते. दिवाळीत बघू.

"बरं बरं," नाना म्हणाले. "लेकरूले संभाळ." मग त्यांनी लॅपटॉप कसा झटकन बंद होतो तेही तिला दाखवलं. म्हणजे व्हिडिओ कॉलच तुटला.

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांडी आधीच घासलेली होती, ती त्या परत घासू लागल्या. मला नानांचा राग आला. इतक्या दिवसांची ती तार, ते स्क्रू, ती दुकानाची वारी, आणि मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की त्या लॅपटॉपवर मनीषा काम करणारच नाही. राग खरं तर मनीषाचा होता, पण समोर नाना होते. मी तेच त्यांना बोलून दाखवलं.

नानांनी लॅपटॉपचं स्वस्तिकाचं झाकण मिटलं.

"माले ठाऊक शे, ताई," ते म्हणाले. "कंपनीनं काम कंपनीना लॅपटॉपवरच व्हस. मी काय इतला येडा नही. पन मांगला वरीसले तिनी ते कारन सांगेल व्हतं. म्हनीसन ते काढी टाकं."

एवढे दिवस मी ज्या माणसाची टिंगल करत होते, त्याला सगळं पहिल्यापासून कळत होतं. मुलीने दिलेली सबब ही सबबच आहे हेसुद्धा. तरी तिला खोटं न पाडता, तिच्याशी एक शब्द न भांडता, ती तेवढी दूर करायची, एवढंच त्याने ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन चढायच्या आधी, वरून खरवडल्याचा आवाज आला म्हणून मी त्यांच्या गच्चीवर गेले. आमच्याकडे उन्हाळ्यात गच्चीला चुना मारतात, खालची खोली जरा थंड राहते. नानांनी बादलीत चुना भिजवला होता आणि लुंगी खोचून ते वरच्या खोलीचा माथा पांढरा करत होते. दिवाळीला ऊन कुठे असतं, हे मी विचारणार होते. पण विचारलं नाही.

"नाना, हे झालं की ती तिसरं कारण सांगेल," मी म्हटलं.

"सांगू दे," नाना म्हणाले. त्यांनी मान वर केली नाही. "कधी ना कधी सरतीन ना कारनं."

कठड्यापाशी दुसरा कुंचला पडला होता. मी ओढणी कमरेला बांधली, कुंचला बादलीत बुडवला आणि दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली.