दोन खरी, एक खोटं आणि चार तक्रारी

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून वाद नको. माझ्या हातून चूक होत नाही! लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत बावीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी लिहून घेते. 'लिफ्ट दोन मजल्यांच्या मधेच थांबली', 'दार उघडतं पण मिटत नाही', 'तुमच्या आरशात मी जाड दिसते', सगळ्या! पण माझ्याबद्दल तक्रार? एकही नाही. यावर आमचे हे काहीतरी पुटपुटतात, पण ते काही आमच्या कंपनीत नाहीत, तेव्हा ते धरायचं नाही.

तक्रारी घेणारे आम्ही चौघं. मी ऑफिसात, बाकीचे तिघं दोन वर्षांपूर्वी लागले ते आपापल्या घरूनच. रोज सकाळी कॉम्प्युटरवर मीटिंग. मीटिंग कसली, तीन काळे चौकोन आणि मी! कॅमेरा म्हणून कुणी लावायचं नाही. एक चौकोन सारखा गुणगुणायचा, त्याला मी मनातल्या मनात गवई म्हणायचे. दुसऱ्यातून मांजर ओरडायचं, तो मांजरवाला. तिसरीनं एकदा चुकून कॅमेरा लावला तेव्हा निळा पडदा तेवढा दिसला, म्हणून ती पडदेवाली. दोन वर्षांत आमचं आपसांतलं बोलणं म्हणजे, "आवाज येतोय का?" "येतोय." "आता?" "आता गेला."

एका सोमवारी साहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"बाई, एक तारखेपासून सगळ्यांनी ऑफिसात यायचं. एकमेकांची तोंडं माहीत नाहीत, याला काय टीम म्हणायचं?"

दुपारी पडदेवालीचा फोन आला. आवाज एवढासा झालेला. "ताई, आई चाकाच्या खुर्चीत असते हो. तिला टाकून मी रोज कशी येऊ? मला सोडावीच लागेल नोकरी."

मी म्हटलं, "मी आहे ना! तू अगदी निश्चिंत राहा."

हे वाक्य मी आयुष्यात ज्यांना ज्यांना म्हटलंय, त्यांची नंतर काय अवस्था झाली हा वेगळा विषय आहे. पण साहेबांच्या खोलीत गेले आणि ठणकावून सांगितलं, "शुक्रवारी अकरा वाजता या मीटिंगला. टीम कशी असते ते दाखवते. नाही पटलं तर बोलवा सगळ्यांना."

"शुक्रवार," साहेब म्हणाले. "एकच."

आता दाखवायचं काय? मी नणंदेला फोन लावला. वन्सं मोठ्या कंपनीत आहेत आणि ते विसरू देत नाहीत.

"अगं वहिनी, सोप्पं आहे! याला आइसब्रेकर म्हणतात. माणसं बर्फासारखी गोठलेली असतात, त्यांना वितळवायचं. प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन वाक्यं लिहायची. दोन खरी, एक खोटं. बाकीच्यांनी खोटं ओळखायचं. आमच्याकडे तर लोक हसून हसून रडतात!"

मी तिघांकडून तीन-तीन वाक्यं मागवली. सांगायला नको, तीन दिवस मागे लागले तेव्हा आली. शुक्रवारी साडेदहाला बसले ती छान मांडायला. आता मला कॉम्प्युटरवर एकच फॉर्म भरता येतो, तो म्हणजे आमचा तक्रारीचा. नाव टाकलं की पत्ता आपोआप येतो, खाली मोठा चौकोन, तक्रारीचं स्वरूप. म्हटलं, वाक्यं लिहायला याहून सुबक जागा कुठली? नव्या माणसांना शिकवण्यासाठी वर एक 'सराव' नावाचं बटण आहे. ते दाबलेलं असलं की तक्रार नुसती दिसते, कुठे जात नाही. मी ते दाबलं. चांगलं जोर लावून दाबलं!

ते आधीच दाबलेलं होतं. दाबलेलं पुन्हा दाबलं की सुटतं.

आणि तक्रार एकदा गेली की जवळच्या मेकॅनिकनं अर्ध्या तासात दारात हजर व्हायचं, आणि ग्राहकाची सही मिळाल्याशिवाय ती बंद करायची नाही, कुणी म्हणजे कुणीही रद्द करायची नाही, हा नियम कुणी करायला लावला? मीच! साहेबांशी भांडून!

अकरा वाजले. साहेब हाताची घडी घालून माझ्या शेजारी बसले. समोर तीन काळे चौकोन. मी गळा साफ केला.

"तर मंडळी, आज आपण बर्फ फोडणार आहोत!"

मांजर ओरडलं.

"पहिलं नाव आपल्या..." मी पडदेवालीचं नाव घेतलं. "वाक्य एक, फोनवर माझा आवाज ऐकून लोकांना मी साठीची वाटते. दोन, आमच्या इमारतीची लिफ्ट चार महिने बंद आहे. तीन, मला एकटीनं काम करायला आवडतं. ओळखा पाहू खोटं!"

मला तर बघताक्षणी कळलं होतं. लिफ्टच्या कंपनीतल्या बाईची लिफ्ट चार महिने बंद? शक्य तरी आहे का!

कुणी काही बोलायच्या आत गवयाच्या चौकोनातून दारावरची घंटा ऐकू आली. मग एक घोगरा आवाज. "तुमच्याकडून तक्रार आलीय."

"माझ्याकडून? कसली?"

"इथं लिहिलंय, 'मी आंघोळ करताना गातो.' आवाजाची तक्रार दिसतेय. गा बघू."

"काय?"

"अहो, आवाज ऐकल्याशिवाय दोष कसा सापडणार? लिफ्टचंही तसंच असतं. गा!"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉम्प्युटरकडे पाहिलं. 'सराव' बटण सुटलेलं होतं! मी ते पुन्हा दाबलं, पण गेलेल्या तक्रारी काही परत येईनात.

आणि मला मांजरवाल्याचं तिसरं वाक्य आठवलं. 'मी मंगळवारपासून लिफ्टमध्ये अडकलोय.'

आमच्या कॉम्प्युटरला 'अडकलोय' हा शब्द दिसला की तो मेकॅनिकवर थांबत नाही. थेट अग्निशमन दलाला कळवतो. आणि हा तर मंगळवारपासून!

"ताई..." मांजरवाल्याचा चौकोन कुजबुजला. "खाली सायरन वाजतोय. माझ्याच दारात थांबला." धाडकन काहीतरी उघडलं आणि त्याचा कॅमेरा, दोन वर्षांत पहिल्यांदाच, चालू झाला. एक किडकिडीत, चष्मा लावलेला, पायजम्यातला तरुण, कडेवर भलंमोठं मांजर, आणि मागे हेल्मेट घातलेले चार धिप्पाड जवान!

"लिफ्ट कुठाय?" पहिल्यानं विचारलं.

"लिफ्ट नाहीये."

"अडकलेला माणूस कुठाय?"

"मीच तो. पण मी अडकलेलो नाहीये."

"घाबरलाय बिचारा," दुसरा म्हणाला. "चार दिवस उपाशी असेल. पाणी द्या त्याला."

"अहो, मी तळमजल्यावर राहतो!"

"म्हणजे लिफ्ट थेट खाली आली!" तिसऱ्यानं कपाळाला हात लावला आणि मांजरवाल्याला अलगद खुर्चीत बसवून खांद्यावर घोंगडी टाकली. तेवढ्यात मांजर उडी मारून कपाटावर चढलं आणि तिथून खाली येईना. जवानांना एकदम हुरूप आला. अखेर सोडवायला कुणीतरी मिळालं! शिडी आली.

हे सगळं बघायला गवयानंही कॅमेरा लावला. टकलावर टॉवेल, शेजारी मेकॅनिक कान टवकारून बसलेला. आणि काय सांगू, गवई खरोखरच गात होता! मेकॅनिक मान डोलवत होता. "वरच्या पट्टीत जरा घासतंय," तो म्हणाला. "बाकी मशीन उत्तम आहे. करा सही."

साहेब खुर्चीत पुढे सरकले होते. त्यांचा चेहरा मला वाचता येईना. "बाई, हा तुमचा कार्यक्रम?"

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार! पडदेवालीची नोकरी गेली आणि ती मी घालवली, हे मला समोर लिहिल्यासारखं दिसत होतं.

तेवढ्यात तिसरा चौकोन उजळला. निळा पडदा. मग पडदा सरला आणि तिथं फार तर तिशीची, केस घट्ट बांधलेली एक मुलगी दिसली. तिच्याशेजारी आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक, ज्यांना सगळी कंपनी काका म्हणते. काका धापा टाकत होते.

"साहेब," काका म्हणाले, "चार जिने चढून आलोय. तक्रार खरी आहे. लिफ्ट बंद आहे. चार महिने!"

म्हणजे ते खरं होतं? मी आ वासून बघत राहिले.

"अगं, मग बोलली का नाहीस?" मी विचारलं.

"ती आपल्या कंपनीची नाहीये, ताई. घरमालक उद्या-परवा करतोय." ती खाली बघत म्हणाली. "आणि मी दिवसभर लोकांच्या तक्रारी घेते. आपलीच कुणाला द्यायची?"

गवयाचं गाणं थांबलं.

"म्हणजे खोटं वाक्य..." साहेब सावकाश म्हणाले.

"तिसरं," ती म्हणाली. "एकटीनं काम करायला मला नाही आवडत. पण आईला घेऊन चार जिने कसे उतरू?"

साहेबांनी हाताची घडी सोडली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो त्यांना दिसला असावा. "काका, दोष काय आहे?"

"दाराचा स्विच गेलाय. एवढंसं काम. पण लिफ्ट दुसऱ्याची आहे. हात लावू का?"

"थांबा." साहेबांनी घरमालकाचा नंबर घेतला आणि आमच्यासमोरच फोन लावला. मी बावीस वर्षांत साहेबांना इतकं गोड बोलताना ऐकलं नव्हतं. आधी गोड, मग गोडातला गोडवा कमी कमी होत गेला, आणि शेवटी पलीकडचा माणूस हो म्हणाला.

"लावा हात!"

पुढची वीस मिनिटं मीटिंग सोडून कुणी गेलं नाही. काकांनी कॅमेरा लिफ्टच्या दाराकडे करून ठेवला होता. मांजरवाला घोंगडी गुंडाळून, चारही जवान त्याच्या मागे उभे. "वायर नीट बघा हो," त्यातला एक मधेच म्हणाला. गवयानं न विचारता गाणं पुन्हा धरलं होतं, हळू आवाजात. आणि मग टिंग झालं, आणि लिफ्टचं दार उघडलं. तीन घरांतून आणि एका ऑफिसातून टाळ्या!

पडदेवालीनं आईला खाली नेलं, हातात फोन धरून, म्हणजे आम्हीही गेलो. आई फाटकातून बाहेर आली, डोळे किलकिले करून समोर बघत राहिली. मी डोळ्यांना पदर लावायच्या बेतात होते.

"समोरच्या दुकानाची पाटी बदलली!" आई कडाडली. "मला कुणी सांगितलं नाही ते!"

शेजारी बघते तर साहेब चष्मा पुसत होते. "घरून करताय तसंच करा काम," ते खाकरून म्हणाले. "टीम आहे. मी पाहिली."

"मी मात्र दर गुरुवारी येणार," पडदेवाली म्हणाली. "आईला मावशीकडे सोडेन. दोन गल्ल्या सोडून राहते ती, पण चार महिने भेट नाही."

"मग गुरुवारी मीही येतो," मांजरवाला म्हणाला. गवई म्हणाला, "चहा असेल तर मीही." तेव्हापासून गुरुवारी माझ्या टेबलापाशी खुर्च्या पुरत नाहीत.

संध्याकाळी मी मोठ्या रुबाबात कॉम्प्युटर उघडला. तक्रारी बंद झाल्या का बघावं म्हटलं. गवई, सही झाली. मांजरवाला, सही झाली, शेजारी मांजराच्या पंजाचा ठसा. पडदेवाली, आईची सही. पण यादीत चौथी तक्रार होती. माझीच! खेळात मीही होते ना. माझी तीन वाक्यं अशी, 'मी बावीस वर्षं एकाच खुर्चीवर आहे. मला उत्तम पोहता येतं. माझ्या हातून कधी चूक होत नाही.'

म्हणजे आमच्याही घरी मेकॅनिक जाऊन आला होता, आणि घरी होते आमचे हे. खाली अहवाल होता. 'तिसऱ्या मुद्द्याची घरच्यांकडे दोन कप चहा घेऊन सविस्तर चौकशी केली. दोष जुना आहे. दुरुस्ती शक्य नाही. वापर चालू ठेवण्यास हरकत नाही.' आणि त्याखाली यांची सही. लग्नाच्या नोंदवहीतसुद्धा त्यांनी इतकी ठसठशीत केली नव्हती!

खोटं वाक्य मी पोहण्याचं धरलं होतं, हो.