मागच्या पडवीतलं भूत

तात्या पट्टेवाले घरीसुद्धा चहा मागायचे तो बायकोला तीनदा पुकारून. तिसऱ्या हाकेलाही ती आली नाही, की तिला ‘गैरहजर’ ठरवून चहा न घेताच आंघोळीला जायचे. कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांना पुकारण्यात त्यांचा जन्म गेला होता.

साताऱ्याहून बदली होऊन मी सांगलीकडच्या त्या कोर्टात कारकून म्हणून आलो, तेव्हा टेबल दाखवायच्या आधी तात्यांनी मला भुतं दाखवली. इमारत गोऱ्या साहेबाच्या वेळची. तिथे माणसांपेक्षा फासावर गेलेलेच जास्त वावरतात, असं त्यांचं म्हणणं. वकिलाला ते अशिलाचं भूत सांगायचे, अशिलाला वकिलाचं. पलूसकडचा एक म्हातारा तर निकालाची वाट बघत जिन्यातच गेला आणि अजून तिथेच बसून आहे, हे ते शपथेवर सांगत. शपथही खास त्यांची. “खोटं बोलत आसलो तर मला तारीख पडंल.” आमच्या कोर्टात याहून भयंकर शाप कुणाला ठाऊक नव्हता.

सगळ्यांत जालीम भूत मागच्या पडवीत होतं. मधल्या सुट्टीत तिथे त्याच्या नावाचा पुकारा ऐकू येतो म्हणे. नेमकं डबा खायच्या वेळी भुताचं काय काम, हे तात्यांना विचारायची सोय नव्हती. भल्याभल्यांनी ती पडवी सोडली होती.

त्या वर्षी तरुण वकिलांनी तिथे कॅरम मांडायचं ठरवलं. आधी भुताचा निकाल लावून या, म्हणून त्यांनी मला पाठवलं, कारण भूतबीत सगळं झूट आहे असं मीच सगळीकडे सांगत फिरायचो.

शुक्रवार होता. पडवीच्या कोपऱ्यावर पोचलो आणि खरंच पुकारा ऐकू आला. “सर्जेराव धोंडी, हाजीर हाय का?”

मी खांबाआडून डोकावलो. मग दिसलं, पुकारणारे तात्याच होते. समोरच्या बाकावर एक म्हातारी मांडीवर भाकरीचं फडकं घेऊन बसली होती. तिसऱ्या पुकाऱ्याला ती हात जोडून उठली. “आवं, वाटंत आसंल. येतोय त्यो.”

“बरं मावशी. म्होरल्या शुक्करवारी या.”

ती गेल्यावर तात्या माझ्याकडे न बघता पट्टा सारखा करत म्हणाले, “तिचा पोरगा कच्च्या कैदंत हुता, तितंच मेला. मेलेल्याला कोर्ट पुकारत न्हाई. केस कागदावरच मिटली. ही दीसभर दारात बसून हुती. म्हनती, नावच पुकारलं न्हाई, तर केस मिटली कशी?”

“आणि भूत?”

“तिला पोरं हसत्यात वो. भुताला कोन हसत न्हाई.”

 एवढं बोलून तात्या डबा खायला निघून गेले.

बाररूममध्ये वकीलमंडळी कॅरमवर पावडर टाकून तयार होती. मी म्हणालो, “पडवीत जाऊ नका. पुकारा मी माझ्या कानांनी ऐकला.”

दोघं-तिघं फिदीफिदी हसले. तेव्हा मी म्हणालो, “खोटं बोलत असेन तर मला तारीख पडेल.”

 कॅरम बाररूममध्येच राहिला.